आबांच्या देखत

चूक माझी होती, आणि ती मी वडिलांची पाठ धुता धुता केली. आज घरात कडुनिंबाचा पाला उकळत होता. त्या कडवट वासानं देऊळघाटची ती सकाळ पुन्हा समोर आणली.

अर्धांगवायूनं आबांची वाचा गेली होती. मेहकरच्या कचेरीतून रजा काढून मी आलो होतो. थोरल्या दादानं त्यांना कुशीवर धरलं होतं आणि पडून पडून झालेल्या जखमा मी निंबाच्या पाण्यानं धूत होतो.

"किती दिवस काढतीन बे आता?" दादानं विचारलं.

"दिवाळी काही पाहत नाहीत ते," मी फडकं पिळत म्हणालो.

माझ्या हाताखालची पाठ एकदम ताठ झाली. फडक्यातलं पाणी ठिबकत राहिलं.

तेवढ्यात सखाराम न्हावी दाढी करायला आला. "आबा, गाल धरू काय?" त्यानं विचारलं. आबांनी पापणी मिटल्यावरच त्यानं हात लावला. वस्तरा चालवता चालवता तो सांगत होता, "तुमचा तांबडा बैल लय माजला. काल मले शिंगावर घ्याले धावला. थांब, आबाले सांगतो, म्हटलं त्याले." आबांचा अर्धा ओठ हलला.

तेव्हा मला सखारामचा राग आला होता. ती लाज होती, हे आता कळतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी फडकं घेऊन आबांच्या समोर बसलो. "आबा, तुमच्या देखत मी तसं बोललो. चुकलं माह्यं. आता पाठ धुऊ काय?"

आणि त्यांच्या पापणीकडे बघत थांबलो.