आर्नोच्या नावाचं पिंप

आर्नो जन्मला त्या हिवाळ्यात बापानं त्याच्या नावानं ब्रँडीचं एक पिंप भरून ठेवलं. वीस वर्षांनी आर्नो अल्जीरियाच्या युद्धावर गेला तो गेलाच. प्रेत आलं नाही, ‘बेपत्ता’ असं लिहिलेलं पत्र तेवढं आलं. त्या एका शब्दावर त्याची धाकटी बहीण माइलिस चाळीस वर्षं तग धरून राहिली.

बाकी ब्रँडीच्या कामात तिचा हात धरणारं फ्रान्सच्या त्या आख्ख्या आर्मान्याक मुलखात कुणी नव्हतं. लाकडात ब्रँडीचं वय वाढतं, तशी ताकद उतरत जाते. फार वाढायच्या आत ती काचेच्या मोठ्या बरण्यांत काढायची, म्हणजे वय तिथंच थांबतं. कुठलं पिंप कधी रिकामं करायचं, हे सगळं गाव तिलाच विचारायचं. पण आर्नोच्या पिंपाला या बाईनं बोटही लावलं नाही. भावाचं वय आपल्या हातानं थांबवायचं? छे!

साठी जवळ आली, मागं कुणी नव्हतं, म्हणून तिनं द्राक्षमळा पिंपांसकट विकायला काढला. अट एकच घातली: आर्नोची ब्रँडी वेगळी भरायची, बाटलीवर त्याचं नाव आणि साल घालायचं. घेणारे कबूल झाले. सह्यांच्या आदल्या दिवशी शेजारचा फिर्मां, आर्नोचा वर्गमित्र, त्या ब्रँडीची ताकद, म्हणजे तिच्यातला अल्कोहोल, मोजायला आला. त्यानं मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

“किती?”

“छत्तीस टक्के.”

चाळिसाच्या खाली गेली की त्या मुलखाचं ‘आर्मान्याक’ हे नाव कायद्यानं ब्रँडीला लावता येत नाही. मग बाटलीवर आर्नोचं नावही नाही आणि सालही नाही. माइलिसनं घोटभर चाखली. नुसतं कडू लाकूड.

“कधीच काढायला हवी होती,” फिर्मां म्हणाला. “माझ्या पिंपांपायी जन्मभर मला गाढव म्हणालीस, आणि स्वतः...”

“माहीत होतं रे मला. दर हिवाळ्यात माहीत होतं.”

तो वरमला. “बरं, माझी कडक पन्नासेक लिटर घालू. कोण बघतंय?”

“नको. दुसऱ्या कुणाची त्यात नको.”

मग ती पालथ्या बादलीवर बसून ढसाढसा रडली. फिर्मां टोपी हातात घेऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदावरची अट खोडली, ते पिंप स्वतःकडे ठेवलं, सही केली आणि घरी येऊन फिर्मांला हाक मारली.

“बरण्या धुऊन आण.”

“आता? आता काचेत भरून काय उपयोग, माइलिस?”

“भर तू. तो मेलाय, फिर्मां. वीस वर्षांचा होता.”