सटवा दोरावर लटकलेला असताना

विंझरच्या थांब्यावर मी सकाळच्या एसटीची वाट पाहत उभा होतो. भोरहून येणारी ती गाडी थांबली की दारातून आधी दत्ताचा आवाज बाहेर यायचा आणि मग दत्ता. त्या दिवशी दारात दुसराच कंडक्टर होता. मला पाहून तो खाली उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, दत्ता गेला. पहाटं छातीत कळ आली..." परतीच्या गाडीला वेळ होता, पण बसून राहवेना. शाळेची किल्ली शेजारच्या दुकानात टाकली आणि भोरच्या दिशेनं चालत सुटलो. सांगितलं तर लोक हसतील, पण वाटेत डोक्यात सारखा सटवाच येत होता. सटवा कड्यावर दोराला लटकलेला होता आणि आता त्याचं काय होणार, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

सटवा हा खरा माणूस नव्हे. रविवारी दुपारी भोरला दत्ताच्या खोलीवर आम्ही चौघं पट खेळायचो; दत्ता, बाबू शिंपी, वेल्ह्याकडचा किसन आणि मी. दुष्काळ सरला त्या साली एकदा किसननं दत्ताची सोंगटी मारली, तर हा ती हातात घेऊन बसला. "ही मेली खरी. पन ही हुती कोन? हिच्या घरी कोन हाय?" आम्ही त्याची भरपूर टर उडवली. त्याला मात्र चैन पडेना. जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर त्यानं एक आख्खा मुलूख काढला, दऱ्या, घाटवाटा, मधोमध एक गड. आम्ही तिघांनी त्या मुलखातला एकेक माणूस व्हायचं. बाबू झाला कडे चढणारा सटवा, किसन त्याचा जोडीदार म्हादू, मी गावोगाव हिंडणारा वैद्य. बाकी सगळा मुलूख म्हणजे दत्ता. पहारेकरी तोच, म्हातारी तोच, भुंकणारं कुत्रंसुद्धा तोच. समोर काय आहे ते त्यानं सांगायचं, काय करायचं ते आम्ही सांगायचं, आणि जिवावर बेतलं की सहा कवड्या टाकायच्या; सगळ्या उलट्या पडल्या की माणूस मेला. याला तो मोहीम म्हणायचा.

पहिल्या मोहिमेच्या तयारीत त्यानं महिनाभर सगळ्यांचा जीव खाल्ला. गाडीत पहारेकऱ्याच्या आवाजात "कोन हाय तिकडं? पुढं सरका!" म्हणून पॅसेंजरांना दचकवायचा. त्याच्या घरच्या सुशीलावहिनी सांगायच्या, "घास हातात धरून मला पुसत्यात, गडावर पानी कुठनं येतं म्हनून. मला काय ठावं?" खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत तो स्वतःशी बडबडायचा. दरवाजे किती, चोरवाट कुठली, किल्लेदार तापट का झोपाळू... सगळं त्यानं ठरवलं होतं.

आणि आम्ही गडावर गेलोच नाही! पायथ्याच्या गावात एक विधवा बाई चिखलात एकटीच भातलावणी करतेय, असं दत्ता सहज बोलून गेला. वाटेवरची शोभा म्हणून. किसन उठून बसला. "एकटी? मंग गावात इर्जिक न्हाई का? आमी आधी लावनी उरकू, गड काय पळून जातोय व्हय!" इर्जिक घातली की गावानं मिळून एकाचं शेत उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गड घ्यायला निघालेले वीर दुपारभर वाकून भात लावत बसले. दत्ताचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. महिन्याची मेहनत बुडाली होती. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला... आणि म्हणाला, "बरं, लावनी झाली. आता बाईच्या घरात दानापानी काय हाय, ते सांगतो." त्या दिवशी मला तो माणूस फार आवडला.

पण कवड्यांच्या बाबतीत तो कुणाचा नव्हता. दुसऱ्या वर्षी माझा वैद्य तापानं आजारी पडला. मी कवड्या टाकल्या, सगळ्या उलट्या. दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो म्हणाला, "पडल्या म्हंजी पडल्या, गुरुजी." वैद्य मेला आणि मला नवा माणूस घ्यावा लागला. मी त्याच्यावर आठवडाभर रुसलो होतो.

शेवटच्या रविवारी सटवा कड्यावरून खाली उतरत होता. वर दोर धरलेल्या म्हादूच्या खांद्यात बाण घुसला आणि त्याचा हात सुटला. बाबूनं कवड्या उचलल्या, तेवढ्यात दत्तानं घड्याळ पाहिलं. ड्यूटीची वेळ झाली होती. "ठिव खाली. बाकीचं पुढल्या रविवारी."

तेराव्यानंतर बाबू माझ्याकडे आला. "आता तुमी चालवा, गुरुजी. सटवाला किती दिस असा ठिवायचा?" मी नाही म्हणालो, मग हो म्हणालो, मग झोप उडाली. पोरांना पाढे म्हणायला लावून मी वर्गात फेऱ्या मारायला लागलो. कवड्या उलट्या पडल्या, तर दत्ता गेला त्याच खोलीत दुसरं मरण माझ्या तोंडानं सांगायचं होतं. ते मला जमणार नव्हतं. पुढचं काही बोलला होता का, म्हणून वहिनींना विचारायला गेलो. "त्यास्नी तरी कुठं ठावं असायचं, भावजी..." मग म्हणाल्या, "हितंच खेळा. खोली लई गप झालीया."

गेल्या रविवारी आम्ही जमलो. वहिनी आत स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. बाबूनं कवड्या मुठीत धरल्या आणि विचारलं, "मंग? टाकू?" एवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि आमच्यात खाली बसल्या.

"म्हादूचा हात सुटला न्हवं? मंग दोर म्या धरते."

"वहिनी, तुम्ही कोण?" मी विचारलं.

"गडावरची बाई. पानी भराया आले हुते."

"मंग कवड्या तुमी टाकायच्या," किसन हळूच म्हणाला.

"न्हाई टाकनार. म्या धरलाय म्हंजी धरलाय."

बाबू आणि किसन माझ्याकडे पाहू लागले. दत्तानं हे कधीच चालू दिलं नसतं. मी बाबूच्या मुठीतून कवड्या काढून घेतल्या.

"धरलाय," मी म्हणालो, आणि सटवाला वर घेतलं.