शांताक्कांचं मापटं

बॅचमधली पहिली चकली अण्णांनी दाताखाली धरली आणि तशीच परत ताटात ठेवली.

"मॅडम, ही चकली न्हाय, खिळा हाय."

अण्णा म्हणजे आमचे मालक, निपाणीचे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्र्यांच्या गर्दीत त्यांचं फरसाणाचं छोटं युनिट आहे. तिथं मी क्वालिटी बघते. चकली मात्र शांताक्कांची. खानापूरकडच्या गावाहून बसनं येऊन सोळा वर्षं त्यांनीच पीठ भिजवलं. आता गुडघे साथ देईनात, म्हणून महिनाअखेर त्या काम सोडणार होत्या. त्याआधी त्यांच्या चकलीची एसओपी लिहायची होती. एसओपी म्हणजे कुणीही वाचून तसंच करावं असा कामाचा लेखी क्रम. ते काम माझ्याकडं आलं.

आक्कांचं सगळं मापावर. भाजणी पितळी मापट्यानं, मोहनाचं तेल वाटीनं, पाणी तांब्यानं. मोठ्या मिक्सरला सगळं किलो-ग्रॅममध्ये लागतं. बरं, सगळ्याला एकच आकडा लावून भागत नाही. ज्या भांड्यात किलोभर पाणी मावतं त्यात पीठ बरंच कमी बसतं, कारण पिठात हवा असते. याला आम्ही बल्क डेन्सिटी म्हणतो. म्हणून प्रत्येक माप मी आक्कांच्याच हातून भरून घेतलं आणि काट्यावर ठेवलं, तीन-तीनदा. मापटंभर भाजणी तिन्ही वेळा तीनशे सत्तरच्या आसपास. मी स्वतःवर खूश होते.

आणि त्या आकड्यांवर बॅच काढली, तर निघाले खिळे. दुसऱ्या बॅचलाही तेच.

अण्णा वैतागून म्हणाले, "आक्कांनी हातचं राखलंय काहीतरी."

आक्का मागंच उभ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता भिंतीकडं तोंड करून बसल्या. सोळा वर्षं राबून बाई लबाड ठरून घरी जाणार, आणि तेही माझ्या कागदामुळं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वही न घेता मी नुसतीच त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. त्या रोजच्या ऑर्डरचं पीठ काढत होत्या. मापटं भरलं, वरून तळहात फिरवला, सपाट करून परातीत ओतलं. माझ्या काट्यासाठी भरलेल्या मापट्यावर तर काठाच्या वर चढलेली चांगली टोकदार शीग होती.

"आक्का, त्या दिवशी शीग लावली होती. आज का नाही?"

"त्या दिशी तुमास्नी द्यायचं हुतं न्हवं? दुसऱ्याला सपाट माप भरून देत्यात व्हय, बाई?"

मी स्टुलावर बसले. आमच्या घरीसुद्धा शेजारी उसनं पीठ जातं ते शीग लावूनच. मला हे कळायला नको होतं? शीग पिठाला लागते, तेलाला लागत नाही. त्यामुळं माझ्या कागदावर पीठ भरपूर आणि तेल होतं तेवढंच. मोहन कमी पडल्यावर चकली कडक होणारच.

सपाट मापटं भरलं तीनशे ग्रॅम. ते सत्तर ग्रॅम म्हणजे आक्कांची माया होती, आणि मी ती एसओपीत लिहून बसले होते.

तिसरी बॅच खुसखुशीत झाली. अण्णांनी एकामागून एक तीन चकल्या खाल्ल्या, हात पुसले आणि आत गेले.

"आक्का, मी वंगाळ बोललो. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे. चकली कशी झाली ते सांगा आदी."

आक्का महिनाअखेर गेल्या, ताठ मानेनं. जाताना चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला. त्याचं झाकण लागत नव्हतं.

एसओपीच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं आहे : 'माप सपाट भरावे. मोजणारी व्यक्ती पाहुणी नाही, हे भरणाऱ्यास आधी सांगावे.' ऑडिटरनं दुसरं वाक्य काढायला सांगितलंय. मी अजून काढलेलं नाही.