मुक्या स्टेअरिंगवर सुकाणी काका

नव्या गाडीच्या स्टेअरिंगशी माझं दोन महिने जमत नव्हतं. जुन्या गाडीत खडी लागली की तळहाताला कळायचं. या गाडीत विजेची मोटर मदतीला असते. गल्लीत चाक एका बोटानं फिरतं, हायवेला आपोआप जड होतं, पण रस्त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यातच मालवणहून मावशीचा फोन आला.

"सोमवारी काकांची लायसनची परीक्षा आसा. मागच्या टायमाक नापास झाले. शेजारी बसूक लायसनवालो माणूस होयो. तू ये रे."

पक्षाघातापासून मावशीला दर गुरुवारी व्यायामाच्या उपचारांसाठी सावंतवाडीला जावं लागतं. दुबईला गेलेल्या मुलाची गाडी अंगणात उभी, आणि हे दोघं दर वेळी भाड्याची गाडी शोधत बसतात. या वेळी पास व्हायलाच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला कोल्हापूर सोडलं. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगावला हायवे. मग कणकवली, कसाल आणि मालवण. घावणे-चहाला थांबूनही पाच तास लागले. घाटात रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, घाई करू नका. मला प्रत्येक खड्डा कमरेला कळला, हाताला नाही. मात्र खाली उतरल्यावर खांदे दुखत नव्हते, हेही नोंदवतो.

दुपारी सुरमईचं ताट संपवून आम्ही तिघं त्यांच्या मुलाच्या गाडीत बसलो, काका चाकावर, मावशी मागे. स्टेअरिंग तसंच, विजेचं. काका बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक त्यांच्या हाती. मी आपला सल्ला दिला, "काका, चाक फार हलकं आहे. हाताला काही कळणार नाही."

"बोटीचा चाक तरी खंय काय सांगता? बोटीच्या नाकाकडे बघूचा."

चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींमधल्या अरुंद वाटेवर त्यांनी मला गप्प केलं. सावकाश वळताना हे स्टेअरिंग आपोआप पुरतं सरळ होत नाही, हे मी दर वेळी विसरतो. काका ते न चुकता हातानं मध्ये आणत होते. जहाजावर सुकाणू आपणच सरळ करायचं असतं.

मग तीन रस्त्यांचा तिठा आला आणि काका रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"काका, वळा ना."

"खंय?"

तेव्हा मला उलगडा झाला. परीक्षेतही असंच झालं होतं. अधिकारी शेजारी गप्प बसले आणि काका हुकमाची वाट बघत थेट मैदानात मांडलेल्या प्लॅस्टिकच्या कोनावर गेले.

"कप्तान सांगता, सुकाणी तोच शब्द परत म्हणता, मगे चाक फिरवता," काका म्हणाले. "खंय जावचा, ता माका कोणी कधी विचारूक नाय."

मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "अवो, उजवीकडे घेवा."

"उजवीकडे घेतंय." गाडी लोण्यासारखी वळली.

"परीक्षेक माका मागे कोण बसवतलो? तुमीच हुकूम देवा नि तुमीच ऐका."

"घरात हुकूम तू देतंस."

"इतक्या वर्षांत बघून शिकूक नाय?"

शनिवार-रविवार आम्ही तेवढंच केलं. काका आधी हुकूम द्यायचे, मग तो परत म्हणायचे आणि मग वळायचे. मावशीला तोंड बंद ठेवायचं होतं. तिचा सराव जास्त कठीण होता.

सोमवारी ओरोसला मी परीक्षेच्या मैदानाबाहेर उभा राहिलो. आत काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. "डावीकडे. डावीकडे घेतंय," असं त्यांचं चाललेलं ऐकून अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाशी बोलताय?"

"कप्तानाशी, साहेब."

साहेबांनी कोनांकडे पाहिलं. एकही पडला नव्हता. काका पास झाले.

परतताना फोंडा घाट चढलो. स्टेअरिंग बोलेल याची वाट बघणं मी सोडलं. नजर पुढच्या वळणावर ठेवली आणि हात सैल सोडले. ज्यांना नवी गाडी परकी वाटते, त्यांनी एकदा तसं करून पाहावं. जुन्या चाकाची आठवण येते, पण तक्रार उरली नाही.

गुरुवारी दुपारी मावशीचा फोन आला. मी विचारलं, "काकांना रस्ता सांगावा लागला का?"

"माका काय म्हायत? कुडाळाक झोप लागली, ती सावंतवाडीक तळ्याकडे जाग इली."