बुक्का लावायचा राहिलाय

दुपारचं जेवण झालंय, हेडफोनच्या गाद्या कानांना उबदार लागतायत, आणि सुमेधाच्या पापण्या काही केल्या वर राहत नाहीत. समोर संगणकाच्या पडद्यावर अच्युतबुवांचं कीर्तन हिरव्या लाटेसारखं सरकतंय. बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली. धरणाखाली गेलेल्या आंबेवण गावच्या देवळातलं हे त्यांचं शेवटचं कीर्तन, गाव उठायच्या आदल्या दिवशी कुणीतरी टेपवर धरून ठेवलेलं. सुमेधा त्या गावाचा इतिहास लिहितेय. तिच्या आईचं माहेर ते. पण आजोळचं घर नेमकं कुठं होतं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

टेप एकदाच वाजली आणि यंत्रातच तिचा भुगा झाला. संगणकात उतरवलेली मूळ प्रत तेवढी हाती आली. त्या प्रतीवरून प्रोग्रामनं दुसरी काढली, साफसूफ केलेली.

"बुवांना न्हाऊ घातलंय, ताई," हर्षद सकाळी म्हणाला होता. संस्थेतलं संगणकाचं सगळं तोच बघतो. "खरखर, खोकला, गोंगाट, सगळं गेलं. तुम्ही हो म्हणा, मूळ फाईल आज उडवतो. जागाच नाहीये हो."

ती हो म्हणाली होती. पुरतं न ऐकताच.

आवाज मात्र काय लख्ख आलाय! चिपळ्या थेट कपाळात वाजतायत. बुवा अभंगाची ओळ उचलतात, अर्ध्यावर सोडतात आणि म्हणतात, "म्हणा!"

कुणीच म्हणत नाही.

"म्हणा की!"

या वेळी हाक हेडफोनमधून येत नाही, समोरून येते. सुमेधा मान वर करते. टेबल तिचंच आहे, पण त्याचे पाय देवळाच्या फरशीवर टेकलेत. समोर बुवा उभे आहेत. खांद्यावर उपरणं, गळा मोकळा, कपाळ कोरं. पेटी आहे, तबला आहे, वाजवणारं कुणी नाही. सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्यांच्यावर एक माणूस नाही.

"बुवा, तुम्ही..."

"हो, मीच. तुझ्या यंत्रानं चांगलंच घासलंय मला. खोकलासुद्धा ठेवला नाही गं! हयातीत एवढा औषधानं गेला नव्हता." ते हसतात, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. "पोरी, मी अडकलोय."

"कुठं अडकलात?"

"इथंच. पूर्वरंग झाला. उत्तररंगाला लागायचंय. पण मधलं कुठाय?"

आता कीर्तनाला जे कधी बसले नसतील त्यांना सांगायला हवं. पूर्वरंगात निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान. पण एकातून दुसऱ्यात बुवांना असंच जाता येत नाही. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, आणि बुवांच्या कपाळी, श्रोत्यांच्या कपाळी तो काळा सुवासिक बुक्का लागतो. मग देवाच्या दारी सगळे सारखे दिसतात, आणि कथा पुढं सरकते.

"ते... ते गोंगाटात गेलं असेल," सुमेधा म्हणते. तिची पावलं गार पडतात. फरशीवर पाणी आलंय.

"गोंगाट!" बुवा चिपळ्या खाली करतात. "अगं, दुसऱ्या दिवशी गाव उठणार होतं. मी म्हटलं, आज जो बुक्का लावून घेईल त्यानं आपलं नाव सांगायचं, घर कुठलं ते सांगायचं. देवाच्या कानावर राहू दे. रडत होते, एकावर एक बोलत होते. तो तुझा गोंगाट."

"मला माहीत नव्हतं, बुवा. यंत्रानं..."

"यंत्राला का बोल लावतेस? तू मागितलंस ते त्यानं दिलं. बुक्का आण."

पाणी घोट्यावर येतं. ती दार ढकलते. बाहेर संस्थेतला व्हरांडा आहे, आणि व्हरांडा म्हणजे गावातली गल्ली आहे. दोन्ही बाजूंना घरं, पण कुठल्याच घराला दार नाही. हाक कुणाला मारायची? पाणी गुडघ्याला लागतं. ती वळते, तर बुवा तिथंच उभे, छातीपर्यंत पाण्यात.

"बुवा, कुठं शोधू?"

"तुम्ही लोक नको ते टाकता ना, तिथं बघ. लवकर!"

टेबलाखालची कचऱ्याची टोपली पाण्यावर हेलकावतेय. सुमेधा तिच्यात हात घालते. हाताला माणसांचे आवाज लागतात, गरम, एकमेकांत गुंतलेले. ती मूठ बाहेर काढते. मूठ काळी, सुगंधी. तशीच पुढं होऊन ती बुवांच्या कपाळाला बोट टेकवते. बुवा डोळे मिटतात, आणि तिच्या कपाळावर अंगठा ओढतात.

"आता तू. नाव सांग. घर सांग."

ती तोंड उघडते. आवाज फुटत नाही. घशात काहीच नाही, साफ. पाणी हनुवटीला लागतं.

"सांग की गं!"

सुमेधा खुर्चीतून उठते ती हेडफोनची वायर तोडतच. व्हरांडा, जिना, हर्षदची खोली.

"हर्षद, मूळ फाईल उडवू नकोस!"

"अहो, उडवली पण. आत्ताच."

ती दाराची चौकट धरते.

"बसा, ताई, बसा आधी. पांढऱ्याफटक पडलाय. कचऱ्याच्या डब्यात असेल अजून, तो रिकामा करायचाय." तो माऊस फिरवतो. "ही बघा. आली परत."

"मधलं लाव. पूर्वरंगानंतरचं."

खरखर येते. खोकला येतो. मग गजर, आणि गजर विरता विरता बायका-माणसांचा कल्लोळ. "...सोनाई धोंडी गुरव, देवळामागचं घर..." "...कासम मुल्ला, बुवा, आमची भिंत देवळाला लागून..." कुणी हुंदका देतंय, कुणी दटावतंय, "आधी म्हातारीला बोलू द्या की!"

हर्षदचा हात माऊसवर तसाच राहतो. "हे मी गोंगाट म्हणून काढलं होतं?" मग हळूच म्हणतो, "थांबा. आता प्रोग्रामला वेगळं काम सांगू. एकेक आवाज सोडव म्हणावं. जमेल त्याला." तो वळतो आणि तिच्याकडे बघत राहतो. "ताई, कपाळाला काय लागलंय?"

ती बोट लावते. बोटावर काळी पूड, आणि बुक्क्याचा तो ओळखीचा वास.

हर्षद रुमाल पुढं करतो.

"राहू दे," ती म्हणते.

संगणकातून बुवा विचारतायत, "झाले ना सगळे? कुणी राहिलं का?"

"सुमेधा," ती म्हणते. आवाज फुटतो. आजोळचं घर कुठलं, ते तिला या आवाजांतून अजून ऐकायचंय.