आईने पाहिलेला समुद्र

वाशिंदहून आमची बस सकाळी सातला सुटायची होती आणि आई साडेपाचपासूनच वहाणा घालून, पिशवी मांडीवर घेऊन दारात बसली होती. "अगं, अजून ड्रायव्हरसुद्धा उठला नसेल," मी म्हटलं. तर म्हणाली, "नसंल उठला तर नसंल. आपून तयार असलेलं बरं."

सहल आमच्या ह्यांच्या कारखान्याची होती. नव्वदचं दशक संपत आलेलं. वर्षातून एकदा कारखाना कामगारांना बायकापोरांसकट कुठेतरी नेत असे, आणि त्या हिवाळ्यात नेणार होते खाडीपलीकडच्या एका मोठ्या पार्कात. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि खोट्या लाटांचा तलाव. आम्ही स्टेशनजवळ नुकतीच दोन खोल्यांची जागा घेतली होती, मी बालवाडीवर शिकवत होते आणि चार माणसांत आपण कसे दिसतो याची मला फार चिंता असायची. आता हसू येतं, पण तेव्हा असायची.

आई राहायची डोळखांबच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर (डोंगरातली छोटी वस्ती). साठी उलटलेली, सगळा जन्म भातात नि नाचणीत गेलेला. कल्याणच्या पुढे तिने पाऊल टाकलं नव्हतं आणि समुद्र कधी बघितला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चौथीतल्या राजूने तिला सांगून टाकलं, "आजी, तिथे समुद्र पण आहे. मोठ्ठ्या लाटा येतात!" झालं! म्हातारीने तेवढंच धरलं. पाळणे-बिळणे गेले उडत. "एकदा समिंदरात पाय भिजला की झाला गो," असं म्हणत ती आदल्या दिवशी एसटीने एकटी आली.

बस सुटली. भिवंडीची गोदामं गेली, मग रस्ता खाडीच्या कडेने धावू लागला. कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं, पलीकडे डोंगर, मधे एखादी होडी. आई खिडकीला नाक लावून बसली होती.

"हाच काय गो?"

"नाही गं, ही खाडी."

दहा मिनिटांनी पुन्हा, "आता तरी हाच ना?" पुढच्या सीटवर मॅनेजरसाहेबांची बायको होती. तिला सगळे मॅडम म्हणायचे. तिने मागे वळून पाहिलं आणि मी उगाचच राजूच्या अंगातला स्वेटर सारखा करू लागले.

पार्कच्या फाटकावर ही गर्दी! शाळांच्या बसेस, लग्नाचं वऱ्हाड उतरावं तशी माणसं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून रखवालदार एकेकाची पिशवी तपासत होता. आईच्या पिशवीतून त्याने सोललेला नारळ काढला.

"आजी, हा कशाला?"

"समिंदराला द्यायचा हाय रे दादा."

रखवालदार हसला. मागे रांगेत उभी असलेली कारखान्याची मंडळीही हसली. तशी वाईट नव्हती हो माणसं, पण माझे कान तापले. "आई, इथला समुद्र खरा नाही. मशीनने पाणी हलवतात," मी दातओठ खात सांगितलं. तिने पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, "बनवलेला का असंना, लाट तर येते ना?" नारळ फाटकावर ठेवून आम्ही आत गेलो.

आत काय नव्हतं ते विचारा. आकाशात उलटी होणारी गाडी, भुताचं घर, फिरती होडी. राजू म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. एका पाळण्यातून उतरतो न उतरतो तोच दुसऱ्याच्या रांगेत. हे त्याच्यामागे धावत होते. होडीत मीही बसले आणि पोटातलं सगळं वर आलं, तेव्हा आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बैलगाडीत पन तुला असंच व्हायचा." मी तिला हळू बोल म्हणून सांगितलं.

लाटांचा तलाव पार मागच्या बाजूला होता. निळी फरशी, काठाकडे उथळ होत आलेलं पाणी. तासातासाने भोंगा वाजायचा, की पलीकडच्या भिंतीतून लाटा सुटायच्या आणि माणसं आनंदाने किंचाळायची. आई पहिल्यांदा दचकली, मग खुळ्यासारखी हसत सुटली. इतकी हसलेली मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

पण पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे हवेत, अशी मोठी पाटी होती. भाड्याने मिळत होते. आईने तिथली चड्डी दोन बोटांत धरून उंच केली. "ही राजूला दे. मी आपली काठावर पाय भिजवते."

"संध्याकाळी बघू," मी म्हटलं.

जेवणात पुरीभाजी झाली, जिलबी झाली. दर भोंग्याला आई माझ्याकडे बघायची. "आता जायचा?" आता राजू घसरगुंडीवर आहे. "आता?" आता ऊन फार आहे. तिसऱ्या वेळेला तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मला तेव्हाच उठायला हवं होतं.

चार वाजता आम्ही पुन्हा तलावाशी आलो. बस साडेचारची होती. गर्दी ओसरली होती आणि शिट्टी गळ्यात अडकवलेला तिथला राखणदार कठड्यावर बसला होता. आई त्याच्याशी काय बोलली कोण जाणे, तो उठून म्हणाला, "या आजी. घोट्याएवढ्या पाण्यात लुगडं चालतंय. शेवटची लाट आहे, घ्या भिजून."

आईने वहाणा बाजूला जोडून ठेवल्या. पाण्याला हात जोडले. मग आवणीला (भातलावणीला) उतरताना बायका करतात तेच तिने केलं. वाकली, लुगडं वर घेतलं आणि गुडघ्याच्या वर घट्ट खोचलं. साठ वर्षं पाण्यात उतरायची तिला हीच रीत ठाऊक. आमच्या पाड्यावर कुणी मान वळवून बघितलं नसतं. पण इथे आइस्क्रीम खात कारखान्याची पाच-सहा माणसं उभी होती, त्यात मॅडम होत्या, आणि कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. का मला तसं वाटलं, देव जाणे.

भोंगा वाजला. मी पुढे झाले आणि आईचा दंड धरला.

"आई, सोड ते खाली. लोक बघतायत."

"अगो, एकच लाट..."

"बस सुटेल. चल म्हणते ना!"

बसला अजून अर्धा तास होता. हे मला माहीत होतं आणि तिलाही, कारण समोरच्या खांबावर हे एवढं घड्याळ होतं. लाट आली, फरशीवरून पसरत तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबली आणि मागे फिरली. आईने लुगडं सोडलं, चुण्या हाताने सारख्या केल्या, वहाणा घातल्या. "बरं," म्हणाली. एवढंच. राखणदार माझ्याकडे बघत राहिला होता, त्याच्याकडे मला बघवलं नाही. जनाची लाज माझ्यापाशी भरपूर होती, मनाची कमी पडली.

परतीच्या बसमध्ये आईने फाटकावरून परत घेतलेला नारळ पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मॅडम खोबरं चावत माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची साडी गुडघ्यापर्यंत ओलीचिंब होती. "मी तर तुमच्या जरा आधीच गेले साडीवर, मला कोण अडवतंय!" त्या म्हणाल्या. "तुमच्या आई आल्या तेव्हा म्हटलं चला, जोडीला कुणी आलं. तर तुम्ही नेलंत की त्यांना. बरं वाटत नव्हतं का?"

"हो," मी म्हटलं. "तिला थंडी बाधते."

खोटं बोलायची सुरुवात तिथूनच झाली. आई पुढच्या सीटवर होती. तिने ऐकलं असणार. घोडबंदरचा घाट संपेपर्यंत मी तिच्या अंबाड्याकडे बघत होते आणि एकदा उठून तिला काही बोलावं असं मनात येत होतं. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पोहोचवायला मीच गेले. शहापूरहून डोळखांबपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी चढण. साग पानगळीला लागला होता, पावलाखाली पानं कुरकुरत होती. मला वाटलं आई वाटेत काहीतरी बोलेल, रागावेल. चांगलं झोडपून काढलं असतं तरी चाललं असतं. ती मोहाला या वर्षी फूल कसं येईल ते सांगत होती.

ओटीवर टेकतो न टेकतो तोच शेजारपाजारच्या बाया जमल्या. बघितलास काय गो समिंदर?

"बघितला तर!" आई म्हणाली. "ह्यो एवढा! भोंग्यावानी आवाज करतो नि अंगावर येतो. मी लुगडा खोचला नि शिरले गुडघ्याएवढ्या पान्यात."

"एकली?"

"एकली कशी? लेकीनं हात धरला हुता ना."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्या बायांत सोनीमावशी होती, आईच्या लहानपणची मैत्रीण. तिने विचारलं, "पानी खारट असतंय म्हनं. खरंच काय गो?"

आईचा हात मांडीवर थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या बायांनीही.

"खारट," मी म्हटलं. "अगदी मिठासारखं, मावशी."

"बघ," आई म्हणाली.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. आईच्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे. खरा समुद्र दाखवते, गाडी करून नेते, उचलून पाण्यात नेते, असं मी तिला दर वर्षी म्हणते, आणि ती दर वर्षी नको म्हणते. मागच्या खेपेला मी रडकुंडीला येऊन विचारलं, का नको?

"आता जाऊन आले तर बाया विचारतील ना गो," ती म्हणाली, "का मंग तवा लेकीनं काय दावला?"