पोटमाळ्यावरचा पंखा

आमच्या घरातला शेवटचा पंखा मी बसवला. त्यानंतर मला घरातल्या एकाही स्क्रूला हात लावायची परवानगी नाही.

आई जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून आण्णा, म्हणजे माझे वडील, मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पोटमाळ्यावर मुक्कामाला गेले होते. तिथं आईची ट्रंक, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि डोक्यावर तापलेला पत्रा. चहा वर, जेवण वर. दहाव्याला सगळी भावकी रडली. आण्णा तेवढे कोरडे. (एप्रिलसुद्धा त्यांच्यापुढं ओला वाटावा इतके!)

"आण्णा, खाली या की!"

"न्हाय."

"अवो, भाजून निघशीला!"

"निघू दे."

मग मी एक्झॉस्ट फॅन आणला. बायकोनं, सुनीतानं, विचारलं, "तुम्हाला येतंय व्हय?" अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

भिंतीला पहिलं भोक चुकीच्या जागी पडलं. दुसरं एवढं मोठं झालं की पलीकडच्या परसातल्या आक्का थेट दिसायला लागल्या. "या पावणं!" त्या ओरडल्या. "दारातनं आला असता तरी चाललं असतं की!"

पंखा बसला. फिरलासुद्धा! आण्णांच्या तोंडावर वारा आला.

"कसं वाटतंय?"

"गार."

माझी छाती फुगली! (एक्झॉस्टचा वारा तोंडावर येत नसतो, बाहेर जात असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?)

तेवढ्यात आक्कांनी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या. माझ्या पंख्यानं तो सगळा खाट, म्हणजे नाका-डोळ्यांना झोंबणारा धूर, इमानदारीनं गोळा करून आमच्या माळ्यावर ओतला! मी आंधळ्यासारखा बटण शोधत शिडीवरून घसरलो, सुनीता खोकत किंचाळली आणि आण्णांनी मोठ्यानं भोकाड पसरलं. गल्लीनं ते ऐकलं आणि दोन मिनिटांत दारात चपलांचा ढीग!

"आण्णाबी गेलं काय वो?" म्हणत एका मावशीनं जिन्यातच गळा काढला.

आण्णा नाक पुसत स्वतः खाली आले. "अगं, हाय की मी! रडायलीस कुणाला?"

लोक चहा पिऊन गेले. मिरच्या भाजून झाल्या, पंखाही बंद झाला. पण जिन्याच्या पायरीवर बसलेल्या आण्णांच्या डोळ्यांचं पाणी थांबेना. मी तांब्या पुढं केला.

"आण्णा, खाट गेला आता."

"खाट कवाच गेला," ते म्हणाले. "ती बी अशीच भाजायची रं. सगळ्या गल्लीला ठसका लावायची."

मी शेजारी बसलो. त्या दिवशी आण्णा खाली आमच्याबरोबर जेवले; भाकरी अर्धीच, पण जेवले.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. शाळेत माझाच विद्यार्थी. माळ्यावर जाऊन त्यानं कपाळाला हात लावला. "सर, ह्यो उलटा बसलाय की! कुणाचं काम हे?"

"तुझ्या सरांचंच," आण्णा म्हणाले.

पोरगं माझ्याकडं वळलं.

"तरीच मी विज्ञानात तीनदा नापास झालो!"